हादरा किती खोल?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हलली. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने थोड्याच वेळात आकडे जाहीर केले: महत्ता ४.५, खोली १० किलोमीटर. अकरा मिनिटांनी दुसरा धक्का बसला, ३.६ चा, खोली १० किलोमीटर. मग १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५, खोली पुन्हा १० किलोमीटर. चर्चा झाली ती पहिल्या आकड्याची. साडेचार म्हणजे मोठा की लहान, यापेक्षा मोठा येणार का, १९९३ च्या किल्लारीसारखे तर होणार नाही ना? तिन्ही वेळा तोच दहाचा आकडा कसा आला, हे फारसे कुणी विचारले नाही.

हा प्रश्न विचारायला हवा होता, असे मला वाटते. लहान भूकंप घरात कसा जाणवेल, भिंतीला तडा जाईल की नुसती भांडी वाजतील, हे महत्तेइतकेच खोलीवर ठरते. आणि भूकंपाच्या सगळ्या मोजमापांत खोली काढणे सर्वांत अवघड. महाराष्ट्रात हा आकडा कधी विश्वासाने सांगता येतो आणि कधी नाही, याच्या मुळाशी आपल्याकडच्या भूकंपनोंदणीचा सारा इतिहास आहे.

शास्त्राच्या व्याख्येने सत्तर किलोमीटरपर्यंतचा प्रत्येक भूकंप उथळच. जपानजवळ किंवा हिंदुकुशात शेकडो किलोमीटर खोलीवर भूकंप होतात, त्यांच्या तुलनेत ही वर्गवारी केलेली आहे. दख्खनच्या पठारावर तिचा उपयोग नाही, कारण इथले बहुतेक भूकंप कवचाच्या वरच्या दहा-पंधरा किलोमीटरांतलेच. इथे प्रश्न तीन किलोमीटर की तेरा, असा असतो.

लहान भूकंपात नेमके घडते तरी काय? भूगर्भातल्या जुन्या भेगेच्या, म्हणजे प्रस्तरभंगाच्या, दोन बाजू ताणाखाली एकमेकींना अडकून बसलेल्या असतात. ताण घर्षणाला भारी पडला की त्या सरकतात. तीन महत्तेच्या भूकंपात सरकणारा तुकडा साधारण दीड-दोनशे मीटर त्रिज्येचा असतो, सरक जेमतेम सेंटीमीटरभर, आणि हे सगळे एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत आटोपते. चार महत्तेच्या भूकंपात तो तुकडा सुमारे किलोमीटरभर पसरलेला असतो आणि सरक चारेक सेंटीमीटर. खडकाच्या मानाने हा व्यवहार किरकोळच. पण तो पायाखाली तीन किलोमीटरवर घडला, तर वरच्या माणसाला किरकोळ वाटत नाही.

भूकंपमापकाचे तत्त्व जुनेच आहे. एसटी अचानक सुटली की उभा प्रवासी मागे कोलमडतो, कारण गाडी पुढे जाते आणि शरीर जागीच राहू पाहते. यंत्रात लोंबकळणारे वजन असेच जागी राहू पाहते, चौकट जमिनीबरोबर हलते आणि दोहोंतला फरक नोंदला जातो. १८९७ च्या आसामच्या प्रचंड भूकंपानंतर लवकरच कलकत्ता, मुंबईतले कुलाबा आणि कोडाईकॅनाल इथे जॉन मिल्न यांच्या बनावटीची यंत्रे बसवण्यात आली. त्याच भूकंपाच्या नोंदी अभ्यासून रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन वेगवेगळ्या तरंगांची ओळख पटवली. ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होते, म्हणजे या शास्त्राचा एक पाया आपल्याच भूमीवर घातला गेला. आजच्या यंत्रात वजनाची हालचाल विद्युतप्रवाहाने तिथल्या तिथे आवरली जाते आणि त्यासाठी किती जोर लागला, यावरून जमिनीचे हलणे कळते. उभी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा तीन दिशांत सेकंदाला शंभर किंवा अधिक नोंदी होतात. वेळ उपग्रहाकडून मिळते, कारण शतांश सेकंदाची चूकही इथे महागात पडते.

अशा यंत्राचा आलेख एकदा जवळून पाहावा. आधी बराच वेळ एक बारीक थरथरती रेघ दिसते. रस्त्यावरचे ट्रक, विहिरीवरचा पंप, वाऱ्याने हलणारी झाडांची मुळे, दूरच्या समुद्राच्या लाटा, असे सगळे तिच्यात असते. मग ती एकदम वर किंवा खाली उडी घेते. ही प्राथमिक तरंगाची चाहूल. हा तरंग खडकाला दाबत-ताणत सेकंदाला सहाएक किलोमीटर वेगाने येतो. त्याची थरथर सुरू असतानाच दुसरा, अधिक रुंद झोका येतो. तो दुय्यम तरंग, खडकाला आडवा हलवणारा, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालणारा. भिंतींना तोच जास्त छळतो. दोघांच्या आगमनात जितके सेकंद गेले, त्यांना आठने गुणले की भूकंपाच्या नाभीचे, म्हणजे भेग सरकली त्या जागेचे, यंत्रापासूनचे अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळते. दोन सेकंद गेले, तर सोळा किलोमीटर. पालघर किंवा कोयनेच्या आलेखांवर हे दोन तरंग इतके लागून येतात की नवख्याला एकच वाटावेत.

एका यंत्रावरून अंतर कळते. तीन किंवा जास्त यंत्रे असली की जागा ठरते. पण खोलीचे गणित वेगळे आहे आणि ते आकड्यांनीच समजते. समजा, सर्वांत जवळचे केंद्र दीडशे किलोमीटरवर आहे. भूकंप तीन किलोमीटर खोल असेल, तर तरंगाची सरळ वाट १५०.०३ किलोमीटरची, तेरा किलोमीटर खोल असेल, तर १५०.५६ ची. फरक अर्ध्या किलोमीटरचा, वेळेत एका सेकंदाच्या अकराव्या हिश्श्याइतका. तरंगाची पहिली उडी नेमकी कुठे सुरू झाली हे ठरवताना, आणि वाटेतल्या खडकांचे वेग गृहीत धरताना, तेवढी चूक सहज होते. आता एक केंद्र भूकंपाच्या जागेपासून पाच किलोमीटरवर ठेवा. तीन किलोमीटर खोलीला वाट ५.८ किलोमीटरची, तेराला १३.९ ची. वेळेतला फरक सव्वा सेकंदाहून जास्त. तीन की तेरा, याविषयी शंकाच उरत नाही. म्हणून या क्षेत्रात एक नियम पाळला जातो: खोली खात्रीने सांगायची असेल, तर भूकंप जितका खोल असेल तितक्या किंवा फार तर दुप्पट अंतरात निदान एक यंत्र हवे. चार किलोमीटर खोलीच्या धक्क्यासाठी आठ किलोमीटरच्या आत. गावोगावी यंत्र असल्याखेरीज ते जमणारे नाही.

मग यंत्रे दूर असतात तेव्हा काय करतात? गणित सुटण्यासाठी खोली कुठल्यातरी वाजवी किमतीला बांधून ठेवतात, आणि उरलेल्या गोष्टी, म्हणजे अक्षांश, रेखांश आणि वेळ, शोधतात. जगभरच्या संस्था ही पद्धत वापरतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा उथळ भूकंपांसाठीचा असा ठरीव आकडा १० किलोमीटर हाच आहे. आपल्याकडच्या बातम्यांत १० आणि ५ हे गोल आकडे वारंवार दिसतात, ते पाहून वाचकाने हे लक्षात घ्यावे. यात फसवणूक नाही. पण बातमी छापताना तो अंदाज आहे हे कुठेच लिहिले जात नाही, आणि हे मला खटकते. आकड्यापुढे अधिक-उणे किती, एवढे दिले तरी पुरे.

महत्तेचेही थोडे असेच आहे. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी बेनो गुटेनबर्ग यांच्या साथीने मापनश्रेणी बसवली. वुड-अँडरसन या ठरावीक यंत्रावर शंभर किलोमीटर अंतरावरून एक मिलिमीटरचा झोका नोंदवणारा भूकंप तीन महत्तेचा, दहा मिलिमीटरचा चार, शंभर मिलिमीटरचा पाच. एक अंक वाढला की झोका दहापट आणि ऊर्जा सुमारे बत्तीसपट. मोठ्या भूकंपांना ही श्रेणी अपुरी पडते, म्हणून १९७९ पासून टॉम हॅन्क्स आणि हिरू कानामोरी यांची आघूर्ण महत्ता वापरात आली. तिच्यात सरकलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ, सरक आणि खडकाचा ताठरपणा धरलेला असतो. लहान धक्क्यांसाठी मात्र रिश्टरच्या धर्तीची स्थानिक महत्ताच सोयीची ठरते. अडचण अशी की, अंतराबरोबर तरंग किती क्षीण होतात याचे रिश्टर यांचे कोष्टक कॅलिफोर्नियाचे होते. दख्खनचा बेसाल्ट आणि त्याखालचा ग्रॅनाइट यांतून तरंग तितकेच क्षीण होतील, असे नाही. प्रत्येक प्रदेशासाठी कोष्टक पुन्हा बसवावे लागते, आणि त्यासाठी पुन्हा स्थानिक नोंदीच लागतात. कोयनेच्या वेधशाळेने ३.४ सांगितले, दिल्लीने ३.६, तर ‘नक्की खरे कोण’ असा वाद सुरू होतो. दोघे वेगवेगळ्या अंतरांवरच्या, वेगवेगळ्या यंत्रांवरून काढलेली सरासरी सांगत असतात. दशांश-दोन दशांशांचा फरक हा मोजमापाचा स्वभाव आहे.

महत्ता हा भूकंपाचा एकच आकडा; तीव्रता मात्र गावागणिक वेगळी. तीव्रतेची पट्टी बारा पायऱ्यांची असते आणि ती यंत्रावर न वाचता माणसांच्या सांगण्यावरून, घरांच्या अवस्थेवरून ठरवतात. इटलीच्या ज्युझेप्पे मेर्काल्ली यांच्या पट्टीची सुधारलेली रूपे आज वापरली जातात. तिसऱ्या पायरीला टांगलेला दिवा हलतो आणि घरात बसलेल्यालाच जाणवते. पाचव्याला झोपलेली माणसे जागी होतात, मांडणीवरची भांडी वाजतात. सहाव्याला माणसे बाहेर धावतात, गिलाव्याला भेगा पडतात. सातव्याला कच्च्या बांधकामाच्या भिंती फाटतात. तीन-साडेतीनचा धक्का दहा-बारा किलोमीटर खोल असेल, तर गाव तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबते. तोच तीन किलोमीटरवर असेल, तर ऐन डोक्यावरच्या वस्तीत पाचवी-सहावी पायरी गाठली जाऊ शकते, आणि वीस किलोमीटर पलीकडच्या तालुक्याच्या गावी मात्र कुणाला खबरही नसते. उथळ धक्क्याची व्यथा ही आहे. तो थोड्यांनाच बसतो, पण त्या थोड्यांना जोरात बसतो, आणि बाकीच्यांना ते खरे वाटत नाही.

आवाजही त्याच कारणाने येतो. उथळ आणि लहान धक्क्यात कंप जलद असतात, सेकंदाला वीस-तीस ते पन्नासच्या घरातले. ते वाटेत विरण्याआधीच जमिनीच्या पृष्ठाशी पोचतात आणि हवेत उतरतात, तेव्हा कानाला सुरुंगासारखा दणका किंवा घरघर ऐकू येते. हिंगोलीच्या वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातून अशा आवाजांच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. २००७ मध्ये नांदेड शहरानेही ते अनुभवले. काही वेळा आवाज येतो आणि हादरा जाणवतही नाही. वर्तमानपत्रे त्याला गूढ आवाज म्हणतात. धक्का उथळ असल्याची ती सर्वांत स्वस्त आणि भरवशाची खूण आहे, असे मी म्हणेन, आणि गावकऱ्यांनी आवाजाची वेळ मिनिटासकट टिपून ठेवली तर ती नोंद शास्त्रज्ञाच्या उपयोगी पडते.

पालघरचे उदाहरण यात सर्वांत बोलके. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत धक्के सुरू झाले. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी ही नावे राज्याला माहीत झाली ती त्यामुळे. एक मोठा धक्का आणि मग विरत जाणारे अनुधक्के, असा नेहमीचा क्रम इथे नव्हता. दोन, अडीच, तीन, पुन्हा दोन, मध्येच साडेतीन असे थव्याने येणारे धक्के महिनोन्‌महिने चालू राहिले. १ फेब्रुवारी २०१९ च्या दुपारी ४.१ चा बसला. घाबरून बाहेर धावताना पडून एक चिमुरडी दगावली. लोक थंडीत अंगणात झोपू लागले, प्रशासनाने तंबू दिले, शाळा उघड्यावर भरल्या. सुरुवातीला जवळ पुरेशी यंत्रे नव्हती, त्यामुळे लहान धक्के यादीत येतच नसत. गावकरी सांगत की रात्रीत आठ-दहा वेळा हलले, आणि यादीत असे एक किंवा दोन. त्यातून अविश्वास वाढला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने आणि दिल्लीच्या केंद्राने परिसरात यंत्रे बसवली, तेव्हा हजारो धक्के नोंदले गेले. गावकऱ्यांचे म्हणणे खरे होते.

पालघरच्या घरांबद्दल एक सांगायला हवे. कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली आदिवासी घरे हलकी आणि लवचिक असतात. ती डोलतात, पडत नाहीत. तडे जातात ते जास्त करून कमी सिमेंटात, कोपऱ्यांना सळ्या न घालता बांधलेल्या विटांच्या घरांना. एकेक धक्का किरकोळ असला तरी शेकडो धक्क्यांनी तडा रुंदावतो. पंचनाम्यात ‘कोणत्या तारखेच्या भूकंपाने’ असा रकाना असतो, तिथे अशा घराला काय लिहावे?

असे थवे का येतात, याचे एक उत्तर पाण्यात शोधले जाते. पावसाळ्यात मुरलेले पाणी भेगांतून खाली उतरते, छिद्रांतला दाब वाढतो, भेगेच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारे बळ घटते आणि आधीच काठावर आलेली भेग सरकते. नांदेड आणि पालघर, दोन्हीकडे अभ्यासकांनी ही शक्यता मांडली आहे. तिचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातच, कोयनेत आहे.

कोयना धरणाचा शिवसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि लगेच परिसरात लहान धक्के सुरू झाले. तिथल्या अभियंत्यांना आणि खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राला याचे श्रेय द्यायलाच हवे की, त्यांनी ते धक्के हसण्यावारी नेले नाहीत. पुढच्या वर्षभरात धरणाभोवती भूकंपमापक बसले. म्हणून ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला, तेव्हा त्याआधीच्या चार-पाच वर्षांचा वृत्तान्त हाती होता. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धरणाच्या आतल्या यंत्राने त्या पहाटे गुरुत्वाच्या ०.६३ पट त्वरण नोंदवले, आणि ती नोंद आजही जगभर धरणांची भूकंपसुरक्षा तपासताना वापरली जाते. त्यानंतर इथे पाचपेक्षा मोठे वीसहून अधिक धक्के बसले आहेत आणि लहान हजारोंनी, सगळे जवळपास तीस गुणिले वीस किलोमीटरच्या पट्ट्यात. क्षेत्र इतके आटोपशीर आणि उथळ, म्हणून भूकंपाच्या नाभीशी जाऊन यंत्र ठेवण्याचा प्रयोग करण्याजोगी ही जगातल्या मोजक्या जागांपैकी एक. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. कोयनेच्या रासाटी इथल्या आधीच्या छिद्राने दाखवले की बेसाल्टचा थर तिथे सव्वानऊशे मीटरच्या आसपास आहे. खाली थेट ग्रॅनाइट. या थरांची जाडी आणि त्यांतला तरंगांचा वेग कळल्यावर तिथल्या धक्क्यांच्या खोलीचे आकडे नेमके झाले. किल्लारीत हाच थर फक्त ३३८ मीटरचा निघाला. एकच कोष्टक दोन्हीकडे का चालत नाही, हे यावरून कळावे.

किल्लारीत यंत्रांचे असे जाळे मात्र नव्हते. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे धक्के जाणवत होते, लोक घाबरले होते, मग ते शांत झाले. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ६.२ चा भूकंप झाला. तो उथळ होता, इतका की शेतांत जमिनीवर भेगा उमटल्या. जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीच्या जड माळवदाखाली झोपलेली आठ ते दहा हजार माणसे गेली. तो भाग तोवर देशाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ चे धक्के दाट जाळ्याने नोंदले असते, तर १९९३ चा भूकंप आधी सांगता आला असता, असे कुणीही प्रामाणिकपणे म्हणणार नाही. लहान धक्क्यांचे बहुतेक थवे मोठ्या भूकंपाविना विरून जातात, आणि कोणता थवा तसा विरणार नाही, हे ओळखण्याची रीत आजही नाही. पण ते धक्के कुठल्या भेगेवर, किती खोलीवर होत आहेत, हे कळले असते. त्या भागाचा धोक्याचा पट्टा बदलण्याची आणि घरे बळकट करण्याची चर्चा तरी भूकंपाच्या आधी सुरू झाली असती.

एक गैरसमज मात्र ठामपणे खोडायला हवा. लहान धक्के बसत राहिले की ताण मोकळा होतो आणि मोठा टळतो, असे चहाच्या टपरीपासून वाहिन्यांच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. एका अंकाला बत्तीसपट, म्हणजे तीन अंकांना सुमारे बत्तीस हजारपट. ६.३ च्या एका भूकंपाची ऊर्जा ३.३ च्या धक्क्यांतून बाहेर पडायची, तर तसे बत्तीस हजार धक्के हवेत. रोज एक बसला तरी जवळपास नव्वद वर्षे. प्रत्यक्षात एक अंक खाली गेले की धक्क्यांची संख्या साधारण दहापटच वाढते. गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी १९४४ मध्येच हा नियम मांडला. म्हणजे लहान धक्के कितीही आले तरी त्यांची बेरीज मोठ्याला पुरी पडत नाही.

राज्यात आज कोयनेभोवती आणि काही धरणांजवळ नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेची यंत्रे आहेत, केंद्र सरकारच्या संस्थांची मोजकी केंद्रे आहेत, आणि कुठे थवा सुरू झाला की तात्पुरती यंत्रे धावत जातात. तात्पुरत्या जाळ्याचा तोटा असा की ते पोचेपर्यंत सुरुवातीचे आठवडे हातून गेलेले असतात, आणि थवा कुठल्या भेगेवर, कुठून सुरू झाला, हे त्याच आठवड्यांत दडलेले असते. हिंगोली-नांदेड आणि डहाणू-तलासरी या दोन पट्ट्यांत दहा-दहा किलोमीटरवर कायमची यंत्रे बसवणे हा फार खर्चाचा विषय नाही. एखाद्या आश्रमशाळेच्या आवारात, पंपापासून आणि रस्त्यापासून दूर, खडकाला भिडलेला छोटा ओटा आणि सौरपट्टी एवढ्यावर ते चालते. तिथल्या नोंदी त्याच शाळेच्या फलकावर रोज लावल्या, महत्ता, खोली आणि खोलीतली संभाव्य चूक या तिन्हींसह, तर रात्रीत आठ वेळा हलल्याचे सांगणाऱ्या बाईला आपले आठही धक्के तिथे लिहिलेले सापडतील.